दोन सूत

दाराखाली दोन सुतांची फट आहे.
माप त्याचं. उद्यमनगरात लेथवर
वीस वर्षं उभा असलेला माणूस
फट नुसती बघत नाही, मोजतो.
त्या फटीतून नंदूच्या खोलीतला उजेड
आमच्या फरशीवर येऊन पडतो
आणि साडेअकरापर्यंत हलत नाही.
दहावी आहे तिची.

कडी लोखंडी. लावताना खट्ट वाजते
आणि पलीकडं पान उलटायचं थांबतं.

तेवढ्यावर कितीतरी रात्री संपल्या.

लग्नाआधी त्याच्या आत्यांनी सगळं विचारलं:
पोराची फी कोण भरणार, आडनाव कुठलं लावणार,
भांडी घेऊन येणार की इथलीच वापरणार.
चाळिशीत दुसऱ्यांदा उभं राहिलेल्या बाईला
अंगही असतं,
हे कुणाच्या यादीत नव्हतं. माझ्याही.

आरशाच्या कोपऱ्यात वैजयंताची टिकली आहे, मरून.
मी काढत नाही. नंदू काढत नाही.
तो दाढी करताना मान जरा डावीकडं घेतो.
कधी अर्धवट झोपेत
तो ‘वै...’ म्हणतो आणि तिथंच वळवून घेतो:
‘वैताग आहे नुसता.’
मी हसते. खरंच हसते.
पण हात आखडतो. आधी त्याचा,
मग माझा, त्याचा आखडला म्हणून.

माझ्याकडंही आहेच की.
पहिल्या घरात कडी लागली की
मी भिंतीकडं तोंड करायचे.
अजून तो आवाज आला की
माझ्याआधी माझी पाठ ठरवते.
हे त्याला सांगितलं नाही.
त्याला वाटतं, नंदूमुळं.

एकाआड एक शनिवारी
ओजस इचलकरंजीला बापाकडं,
नंदू कसबा बावड्याला आजोळी.
घर मोकळं.
आम्ही जेवतो आणि फोनकडं बघत बसतो.
पोचला काय. जेवली काय.
पोरं नसताना जवळ यायचं म्हणजे
पोरं नसावीत असं वाटल्यासारखं होतं,
आणि तसं एखादे वेळी वाटलेलंही असतं,
म्हणून तर दोघं पलंगाच्या दोन कडांना.

मग तो म्हणतो, ‘दूध पिऊन येऊया काय?’

गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेला उभ्या,
धार समोर काढलेली, ग्लासाच्या वर फेस.
त्याच्या मिशीला लागलेला फेस
मी अंगठ्यानं पुसला.
माणसं होती. म्हशी होत्या.
आमच्याकडं कान लावून कुणीच नव्हतं.
परत येताना स्कूटरवर मी
पहिल्यांदा दोन्ही हातांनी धरलं,
आणि रंकाळ्याला एक फेरा जादा झाला
पेट्रोलचा विषय न निघता.

गेल्या मंगळवारी नंदू
शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन
आमच्या दाराशी उकिडवी बसली होती.
‘लई वाजते ही,’ माझ्याकडं न बघता म्हणाली,
‘माझी लिंक तुटते.’
तीन थेंब. चिंधीनं पुसलं. दोनदा सरकवून बघितली.
हात बापाचे आहेत तिचे.
मला ती अजून काहीच म्हणत नाही,
काकू नाही, आई तर नाहीच,
वाक्य मधूनच सुरू करते.
त्या दिवशीही तसंच.

रात्री त्यानं कडी लावली.
आवाज झाला नाही.
माझ्या पाठीला कळेना काय ठरवायचं.
‘लागली काय?’
तो उठून बघून आला.
थोड्या वेळानं मी उठले, बघून आले.
मग दोघांनाही हसू आलं, तोंडावर उशी धरावी लागली.
फटीत उजेड होता तसाच,
आणि पलीकडं पान उलटत होतं,
न थांबता.

मी म्हटलं, ‘एक सांगायचं होतं.
कडीबद्दल. ह्या नाही, आधीच्या.’

तो भिंतीकडं थोडा सरकला,
दोन सूत असेल, जास्त नाही,
म्हणाला, ‘सांग की.’